घरचा विस्तव, भाग ९ : जुनी चूल किती दिवस लिंपायची?

गेल्या भागात ओल्या जळणाचा विषय झाला. सरपण उन्हात खडखडीत वाळवलं, जाड ओंडके फोडून ढलप्या केल्या, तरीही स्वयंपाकघर धुरानं भरत असेल तर जळणाला बोल लावण्यात अर्थ नाही. आता चुलीकडे पाहायला हवं.

धुराड्याची, दोन भांड्यांची मातीची चूल चार-पाच वर्षं वापरात असली की तिच्या डागडुजीचा एक क्रम पडून जातो. पाऊस सरला की एकदा, दिवाळीच्या आधी एकदा, घरात कार्य निघालं की आणखी एकदा. भेग दिसली की मातीचा गोळा. भांडं बसतं ती कड झिजली की मातीचा गोळा. तोंडातून धूर उलटायला लागला की वैलाची कड बोटभर वर. त्यावर शेणमातीचा हात फिरला की चूल पुन्हा नव्यासारखी दिसते. जळण मात्र दर वेळी थोडं जास्त लागू लागतं, आणि ही वाढ इतकी सावकाश होते की ती कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

माझं म्हणणं असं आहे की, सुधारित चूल सारखी दुरुस्तीला येऊ लागली की पुष्कळदा ती दुरुस्तीच तिला बिघडवत असते. तिचा सगळा गुण तिच्या पोटातल्या काही अंतरांत असतो. मातीचा प्रत्येक गोळा ती अंतरं बदलतो. एका मर्यादेपलीकडे ती चूल नावाला सुधारित राहते, कामाला साध्या चुलीसारखी होते, किंवा तिच्याहूनही वाईट. अशा वेळी ती मोडून नवी घालणं हाच शहाणपणाचा खर्च असतो. ती वेळ आली हे ओळखायचं कसं आणि नवी घालताना काय पाहायचं, ते या भागात सांगतो.

आधी पोटात काय चालतं ते पाहू. लाकूड तापलं की त्यातलं पाणी प्रथम उडून जातं. पुढे २०० ते ३०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान लाकडातून वायू सुटू लागतात, आणि वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग असा वायू होऊन निघून जातो. ज्वाळ दिसते ती या वायूची. मागे राहतो तो निखारा. हा वायू पुरता जळायला तीन गोष्टी एकाच जागी मिळाव्या लागतात : साधारण ६०० अंशांच्या वरची उष्णता, पुरेशी हवा आणि दोन्ही एकमेकांत मिसळायला थोडा अवकाश. यातलं एक जरी कमी पडलं तरी तोच वायू धूर होऊन डोळ्यांत जातो. म्हणजे धूर दिसतो तेव्हा आपण आणलेलं, फोडलेलं, वाळवलेलं जळण न जळता निघून जात असतं.

आता अंतरं. विस्तवापासून भांड्याच्या बुडापर्यंतची उंची जास्त झाली तर ज्वाळ भांड्याला नीट पोचत नाही. कमी झाली तर अर्धवट जळलेली ज्वाळ थंड बुडावर आपटून विझते आणि भांड्याला काजळीचा थर बसतो. चुलीचं तोंड फार मोठं झालं की नको तेवढी गार हवा आत शिरून विस्तव थंडावतो. फार लहान झालं की विस्तव गुदमरतो. पहिल्या भांड्याखालून वैलाकडे जाणारा बोगदा अरुंद झाला तर धूर मागे उलटतो. रुंद झाला तर पहिलं भांडं तापायच्या आतच उष्णता धुराड्यातून निघून जाते. बोट-दोन बोटांचा फरकही पुरतो.

आणि एक गोष्ट, जी दुरुस्ती करताना फार वेळा विसरली जाते. साध्या चुलीला भांडं टेकायला तीन थानं असतात, कारण तिथं धूर निघायला दुसरी वाट नसते. भांडं थानांवर उचललेलं असलं की ज्वाळ आणि धूर त्याच्या कडेनं वर येतात. धुराड्याच्या चुलीला थानं नसतात. भांडं भोकात चपखल बसावं लागतं, तरच धुराडं ओढ घेतं. पण धुराडं तुंबलं, ज्वाळ मंदावली, की भांड्याला आच लागत नाही म्हणून कुणीतरी मातीची तीन थानं घालतं. आच तेवढ्यापुरती वाढते. त्या दिवसापासून ती चूल धूर घरातच सोडते आणि छतावरचा पाइप नुसता उभा राहतो. जुन्या धुराड्याच्या चुलीवर थानं दिसली तर पुढची तपासणी न करताही सांगता येतं की तिची मापं केव्हाच गेली आहेत.

हा केवळ एखाद्या घरचा आळस किंवा अडाणीपणा समजू नये. देशभर हेच झालं आहे. निर्धूर चुलीचे प्रयत्न आपल्याकडे जुने आहेत, आणि त्यांचा एक धागा वर्ध्याच्या मगनवाडीत जातो. जे. सी. कुमारप्पांच्या हाताखाली १९३४ मध्ये उभ्या राहिलेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं ठाणं तिथं होतं, आणि त्या जागेचं नाव लावणारी मगन चूल पुढे बरीच वर्षं ग्रामोद्योगाच्या माणसांनी गावोगाव दाखवली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजूंनी धुराड्याची चूल तयार केली आणि १९५३ मध्ये त्यावर पुस्तिकाही काढली. मोठं सरकारी काम सुरू झालं ते १९८३ मध्ये, राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमाच्या रूपानं. २००२ मध्ये केंद्रानं तो बंद करेपर्यंत साडेतीन कोटींच्या आसपास चुली घातल्या गेल्याची नोंद आहे. घातलेल्या चुलींची मोजणी झाली. वर्षभरानं त्यातल्या किती धडधाकट आहेत, कुणी साफ करायच्या, कडा झिजल्या तर कोणत्या मापानं भरायच्या, यासाठी मात्र माणूस आणि पैसा फार थोडा ठेवला गेला. अनुदान चूल घालण्याला होतं, राखण्याला नव्हतं. मला या कार्यक्रमाची ही सगळ्यांत मोठी उणीव वाटते, कारण बाकीच्या चुका भरून निघण्यासारख्या होत्या.

राखण्याची व्यवस्था नसेल तर काय होतं, याची चोख नोंद ओडिशातल्या एका अभ्यासात सापडते. रेमा हॅना, एस्थर दुफ्लो आणि मायकल ग्रीनस्टोन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या खेड्यांमध्ये धुराड्याच्या मातीच्या चुली मिळालेल्या आणि न मिळालेल्या कुटुंबांकडे चार वर्षं लक्ष ठेवलं. पहिल्या वर्षी चूल मिळालेल्या घरांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासात जाणारा धूर कमी झाला. त्यानंतर तो फरक उरला नाही. चुली मोडत गेल्या, वेळच्या वेळी साफ झाल्या नाहीत, नीट दुरुस्त झाल्या नाहीत आणि शेवटी वापरातून गेल्या. जळणातही बचत दिसली नाही. हा निष्कर्ष वाचून काही जणांनी सुधारित चुलीच निकामी ठरवल्या. मी त्यातून वेगळं घेतो : पहिल्या वर्षी फरक पडला, म्हणजे माप योग्य असताना चूल काम करते.

महाराष्ट्रात थोडी वेगळी वाट निघाली, आणि ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या 'आरती' या संस्थेनं, म्हणजे अॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटनं, इथल्या सुधारित चुलींच्या कामाला तांत्रिक पाठबळ दिलं. इथल्या स्वयंपाकाला सोसतील अशी मॉडेलं बसवली गेली. धुराड्याची 'लक्ष्मी' आणि बिनधुराड्याची 'भाग्यलक्ष्मी' ही नावं पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक घरांना अजून आठवतील. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कुंभारांना साचे देऊन शिकवण्यावर भर होता, म्हणजे चूल विकणं आणि घालून देणं हा त्यांचा धंदाच व्हावा. साच्यातून निघालेल्या चुलीचं माप हाताच्या अंदाजावर राहत नाही. ती बिघडली तर कुणाला बोलवायचं हेही ठाऊक असतं. आजही नवी चूल घालायची झाली तर जवळपास असा शिकलेला कुंभार किंवा चुली घालणारी बाई आहे का, याची चौकशी आधी करावी.

आता आपल्या घरच्या चुलीची परीक्षा. तिला एक तराजू, एक भांडं आणि तासभर वेळ लागतो.

सकाळी चूल गार असताना वाळलेलं लाकूड एक किलो तोलून घ्या. रोजच्या पातेल्यात पाच लिटर पाणी ओता, झाकण ठेवा, आणि पाणी खळखळ उकळेपर्यंत किती लाकूड जळतं ते पाहा. उरलेलं लाकूड आणि निखारे पुन्हा तोला. निखाऱ्यांत बरीच उष्णता शिल्लक असते, तेव्हा ढोबळ हिशेबात त्यांचं वजन दीडपट धरून वजा करा. हिशेब सोपा आहे. पाच लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला ३७५ किलोकॅलरी लागतात. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत साधारण ३,८०० किलोकॅलरी असतात. तेव्हा जवळजवळ सगळं किलोभर लाकूड संपलं, तर चुलीनं दहातला एक भाग पाण्याला दिला आणि नऊ भाग घरात, भिंतीत, आभाळात घालवले. अर्धा किलो लागलं तर पाचातला एक भाग दिला. ४०० ग्रॅमवर काम भागलं तर चूल पंचवीस टक्क्यांच्या घरात आहे. भारतीय मानक ब्युरोनं २०१३ मध्ये सुधारलेल्या मानकात (आयएस १३१५२) पंखा नसलेल्या, उचलून नेण्याजोग्या चुलीकडून निदान २५ टक्क्यांची आणि पंख्याच्या चुलीकडून ३५ टक्क्यांची अपेक्षा आहे. घरी घातलेल्या जड मातीच्या चुलीकडून तेवढं मागू नये, कारण ती स्वतः तापण्यातच बरीच उष्णता घेते. पण किलोभर लाकूड पाच लिटर पाण्याला पुरत नसेल तर ती चूल साध्या तीन दगडांच्या चुलीपेक्षा चांगली नाही, हे मान्य करावं.

दुसरी परीक्षा धुराड्याची. विस्तव पेटण्याआधी वैलाच्या भोकाशी पेटता कागद धरा. ज्योत धुराड्याच्या दिशेला ओढली गेली तर वाट मोकळी आहे. सरळ उभी राहिली किंवा तुमच्याकडे वाकली तर आधी धुराडं साफ करून पुन्हा पाहा. पुष्कळ चुली एवढ्यावरच बऱ्या होतात, आणि त्या मोडायची घाई करू नये. धुराड्याची काजळी महिन्यातून एकदा काढायला हवी, हे चूल घालणारा एकदा सांगतो आणि पुढच्या महिन्यात ते कुणालाच आठवत नाही. ओलं जळण वापरणाऱ्या घरात ही काजळी डांबरासारखी चिकट होते आणि पेटही घेते. गवती किंवा झावळ्यांच्या छपराखाली हे फार धोक्याचं आहे.

तिसरी परीक्षा नुसती पाहण्याची. चूल पूर्ण पेटल्यावर बाजूला उभं राहून धूर कुठून येतो ते बघा. बाहेरच्या भेगेतून येत असेल तर ती बुजवता येते. भांड्याच्या कडेनं येत असेल तर कड झिजली आहे, किंवा भांडं बदललं आहे. मूळ चूल ज्या पातेल्यासाठी घातली ते फुटून त्या जागी लहान पातेलं आलं असेल तर दोष चुलीचा नाही. तोंडातून सतत येत असेल आणि धुराडं साफ असेल, तर आतला बोगदा ढासळला किंवा बुजला आहे. तिथं हात पोचत नाही आणि डोळाही पोचत नाही. माझ्या मते चूल मोडण्याची खूण हीच : दोष बोगद्यात असला, विस्तवाच्या जागेची आतली भिंत खाल्ली गेली असली, किंवा बूड खचून चूल एका बाजूला कलली असली, तर लिंपणं थांबवावं. बाकी जाळी बदलता येते, धुराडं बदलता येतं, बाहेरचं अंग सारवता येतं.

चूल इतक्या लवकर का झिजते हेही समजून घ्यायला हवं, नाहीतर नवी चूलही त्याच वाटेनं जाईल. विदर्भ-मराठवाड्यात हाताशी असते ती काळी माती. पाण्यानं ती फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून तिची चूल पहिल्याच पेटवणीत तडकते. कुंभाराची माती, वारुळाची माती किंवा गावठाणातली पांढरी माती बरी. तिच्यात भाताचं तूस, गव्हाचा भुसा, राख किंवा लीद मिसळतात त्याला सोय एवढंच कारण नाही. तूस आत जळून जातं आणि मातीत बारीक पोकळ्या राहतात. त्या पोकळ्यांतली हवा उष्णता अडवते, आणि तापताना फुगणाऱ्या मातीला थोडी जागाही मिळते.

सिमेंटनं चूल पक्की होते असा समज फार पसरला आहे. बाहेरून सिमेंट चालतं. विस्तवाच्या जागी ते टिकत नाही. तीन-चारशे अंशांच्या पुढे सिमेंटमध्ये बांधलं गेलेलं पाणी सुटू लागतं, त्याची पकड जाते आणि पोपडे निघतात. मातीच्या भेगेत सिमेंट भरलं की आणखी एक गोष्ट घडते : दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि पुढची भेग त्याच्या कडेनं जाते. विस्तवाच्या जागी भाजलेल्या मातीचं अस्तर किंवा भट्टीची वीटच हवी.

तिसरं कारण पाणी. स्वयंपाक आटोपला की चुलीतल्या लाकडावर पाणी शिंपडून विझवायची सवय अनेक घरांत आहे. तापलेल्या मातीवर पाणी पडलं की ती तडकते. लाकूड बाहेर ओढून राखेत विझवावं. आणि कोकणात, घाटमाथ्यावर, जिथं कौलांतून पाइप वर काढलेला असतो, तिथं पावसाचं पाणी पाइपाच्या कडेनं उतरून चुलीचं बूडच भिजवतं. दर वर्षी पावसाळ्यानंतर जी डागडुजी निघते तिचं कारण पुष्कळदा छपरात असतं. तिथं पत्र्याची पट्टी नीट बसवून घेतल्याशिवाय नवी चूल घालूच नये.

आता नवी घालायची ठरली. इथं सगळ्यांत आधी स्वयंपाक काय होतो ते विचारायचं. महाराष्ट्रात याचं उत्तर भाकरीपाशी येऊन थांबतं. तव्यावर दोन्ही अंगांनी शेकलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांसमोर उभी केली की ती फुगते, तिला पापुद्रा येतो. लहान तोंडाच्या आणि जाळीखाली निखारे पाडणाऱ्या चुलीत ही जागाच उरत नाही. मग घरातली बाई चुलीचं तोंड फोडून मोठं करते, आणि अशी चूल पुन्हा वाईट जळते. दोष त्या बाईचा नाही. भाकरीची सोय न करणारी चूल ज्वारी-बाजरी खाणाऱ्या घरासाठी अपुरीच आहे. नवी चूल घालताना तोंडासमोर निखारे ओढायला पसरट, किंचित उताराचा ओटा आणि भाकरी टेकायला कड मागून घ्या. घालणारा कुंभार कुरकुरला तरी मागून घ्या.

जळण कोणतं, हा पुढचा प्रश्न. बाभळीचं लाकूड असेल तर बहुतेक चुली चालतात. तुऱ्हाट्या-पऱ्हाट्या भराभर पेटतात आणि भराभर संपतात, त्यांना सतत पुढे सारावं लागतं, म्हणून तोंड फार खोल नको. गोवऱ्यांना जाळीखालून भरपूर हवा लागते आणि त्यांची राख पुष्कळ पडते, तेव्हा राखेची जागा मोठी हवी. पाचट, कडबा, गोवऱ्या यांच्या राखेत पोटॅशचे क्षार बरेच असतात आणि ते लोखंडाला खातात. म्हणून पत्र्याची किंवा बारीक गजांची जाळी लवकर जाते. बिडाची जाळी महाग पडते, पण टिकते.

बाजारात मिळणाऱ्या पत्र्याच्या, उचलून नेण्याजोग्या चुलींचं बहुतेक मूळ अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये लॅरी विनिअर्स्की यांनी १९८०च्या दशकात मांडलेल्या रॉकेट चुलीच्या तत्त्वात आहे. काटकोनात वळलेली नळी, खालून आडवं जळण आणि हवा, वर उभी नळी जिथं वायू पुरते जळतात, आणि भोवती हलकं, उष्णता अडवणारं अस्तर. लहान कुटुंबाला, भात-आमटी, चहा, दूध एवढ्याला ती चांगली. जळण कमी लागतं हे खरं आहे. पण ती एकाच भांड्याची असते, तिला धुराडं नसतं, मोठं भगुलं ठेवलं की डगमगते, आणि भाकरीचा प्रश्न तिथंही राहतोच. घेताना आतली नळी आणि जाळी सुटी विकत मिळते का, हे दुकानदाराला विचारा. मिळत नसेल तर ती नळी जळून गेली की सगळी चूल भंगारात जाते.

पंख्याच्या चुलींबद्दल एक अनुभव आपल्याच राज्यातला आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रावर बेतलेली 'ऊर्जा' ही चूल प्रथम बीपी या तेल कंपनीनं आणि नंतर पुण्याच्या फर्स्ट एनर्जीनं विकली. चार लाखांवर चुली खपल्या. शेतातल्या वाया जाणाऱ्या मालापासून दाबून केलेल्या कांड्या तिच्यात जाळायच्या, लहान पंखा हवा देणार, धूर अगदी कमी. चूल चांगली होती. कांड्यांसाठी लागणारा शेतमालाचा चोथा कारखान्यांच्या बॉयलरलाही हवासा झाला, कांड्या महागल्या आणि घरोघरच्या चुली कोपऱ्यात गेल्या. जी चूल एकाच दुकानातून मिळणाऱ्या जळणावर चालते, ती घेताना पुढच्या पाच वर्षांचा विचार करावा, हा त्यातला धडा मी गंभीरपणे घेतो.

आणि गॅस? परवडत असेल, सिलिंडर वेळेवर मिळत असेल, तर रोजच्या स्वयंपाकाला गॅसच घ्यावा, यात मला शंका नाही. घरातल्या धुरामुळे जगभरात वर्षाला सुमारे ३२ लाख माणसं अकाली मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे, आणि चांगलं धुराडंही धूर फक्त घराबाहेर घालतं, गल्लीतून घालवत नाही. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ५८.६ टक्के कुटुंबं मुख्यतः स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करत होती, आधीच्या पाहणीत ती ४३.८ टक्के होती. पण गॅस आला म्हणून चूल विझली असं खेड्यात सहसा होत नाही. चहा-भाजी गॅसवर, भाकरी चुलीवर, अंघोळीचं पाणी चुलीवर, गुरांची आंबोण चुलीवर. आणि गॅस आल्यावर चुलीकडे कुणी बघत नाही. ती कुडाच्या आडोशाला, ओसरीच्या कोपऱ्यात, मोडकी आणि धुरकट राहते, आणि तिच्याशी बसते ती बहुधा घरातली म्हातारी. गॅस असलेल्या घरातच जुनी चूल बदलण्याची निकड जास्त आहे असं मला वाटतं, कारण तिथं ती दुरुस्तीलाही येत नाही.

जुनी चूल मोडताना एक खबरदारी. सरकारी चूल कार्यक्रमाच्या काळात अनेक ठिकाणी धुराड्याला अॅस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप वापरले गेले. तसा पाइप असेल तर तो घणानं फोडू नका, करवतीनं कापू नका. त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. पाइप ओला करून अख्खा उतरवा. तुकडे झालेच तर ओल्या पोत्यात बांधा, आणि पोरं खेळतात तिथं किंवा विहिरीच्या कडेला टाकू नका. नवा पाइप पत्र्याचा किंवा भाजलेल्या मातीचा घ्या, छपराच्या वर निदान दोन फूट जाऊ द्या, आणि खाली काजळी काढायला झाकणाचं तोंड ठेवून घ्या. हे तोंड नसलेलं धुराडं साफ होत नाही, कारण कौलावर चढून साफ करायला दर महिन्याला कुणी जात नाही.

चूल घातली की ती सावलीत आठ-दहा दिवस वाळू द्या. उन्हात वाळवली तर वरचा थर आधी आकसतो आणि भेगा जातात. मग दोन-तीन दिवस नुसत्या काटक्यांचा, कागदाचा लहान विस्तव करा, आणि त्यानंतरच पूर्ण पेटवा. घरात पाहुणे यायच्या आदल्या दिवशी नवी चूल घालू नये, ती घाईत पेटवली जाते.

चूल वाळली की, ती पेटवायच्या आधी, बांबूची एक कामटी घ्या. तिच्यावर चाकूनं खुणा करा : तोंडाची उंची, तोंडाची रुंदी, जाळीपासून भांड्याच्या कडेपर्यंतची उंची, पहिल्या भोकाचा व्यास, वैलाच्या भोकाचा व्यास. बोगद्याच्या तोंडाची उंची पहिल्या भोकातून हात घालून घ्या, नंतर ती घेता येणार नाही. कामटी चुलीपासून दूर, आढ्याला किंवा फडताळात अडकवून ठेवा. यापुढे चूल लिंपायला बसाल तेव्हा माती लावण्याआधी आणि लावल्यानंतर ती कामटी लावून पाहा. जास्तीची माती ओली असतानाच काढता येते. पाण्याची परीक्षाही नव्या चुलीवर पहिल्या महिन्यात एकदा करून किती लाकूड लागलं तो आकडा भिंतीवर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी तीच परीक्षा केली की चूल कुठवर आली आहे ते अंदाजावर राहणार नाही.

पुढच्या भागात अंघोळीच्या पाण्याचा बंब. हिवाळ्यात अनेक घरांत स्वयंपाकापेक्षा जास्त लाकूड तोच खातो, आणि त्याच्या नळीतली काजळी कधी काढली हे फारच थोड्यांना सांगता येईल.